आधी यूपीएस बघा, मग कार्ड
गेम खेळत लाइव्ह स्ट्रीम करायला पीसी घेताना 'सगळा पैसा ग्राफिक्स कार्डात घाला, बाकी काहीही चालतं' हे मत पुण्यात खपेल, आमच्या मालवणात नाही. कार्ड हवंच, एनव्हिडियाच्या बहुतेक गेमिंग कार्डांत एन्कोडर (स्ट्रीमसाठी व्हिडिओ छोटा करणारा भाग) वेगळा असतो, त्यामुळे स्ट्रीमिंगसाठी १६ कोअरचा प्रोसेसर लागत नाही. ते वाचलेले पैसे यूपीएसमध्ये, म्हणजे लाइट गेल्यावर पीसी बॅटरीवर चालू ठेवणाऱ्या डब्यात घाला.

पावसाची पहिली सर आली की आमच्याकडे लाइट गेलीच म्हणून समजा. मी ६०० व्हीए क्षमतेचा स्वस्तातला यूपीएस घेतला होता, गेम ऐन रंगात असताना लाइट गेली की तोही बसायचा. बसणारच, तो देतो जेमतेम ३६० वॅट आणि माझा पीसी खातो ४०० च्या वर. शिवाय ॲक्टिव्ह पीएफसीच्या (वीज नीट, सलग खेचणारं सर्किट असलेल्या) पॉवर सप्लायला स्वस्त यूपीएसच्या विजेची चौकोनी वेव्ह कधीकधी मानवत नाही, घरच्या लाइटसारखी गुळगुळीत लहर देणारा प्युअर साइन वेव्ह यूपीएसच घ्या. आणि राउटरही त्यावरच लावा, नाहीतर पीसी चालू नि स्ट्रीम बंद!