मदत हवी आहे: साठीनंतरची गिटार, बोटांना सोसेल अशी

बेळगावात टिळकवाडी-शहापूर भागात गिटारचं सेटअप (तारांची उंची, मान वगैरे जुळवणं) नीट करणारं कोण आहे काय? वाजवणारे साठी ओलांडलेले, गाणी मात्र नातवंडांच्या प्लेलिस्टमधली. हौस भरपूर, पण अंगठ्याचं सांधं कुरकुरतंय.

गिटार अकूस्टिक, स्टीलच्या तारांची. आतापर्यंत केलेलं असं: १२-५३चा जाड तारांचा संच काढून १०-४७चा हलका घातला, सगळ्या तारा अर्धा सूर उतरवल्या. ताण बराच कमी झाला. मूळ पट्टी हवी असेल तर पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या तारेपाशी) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा. कॅपो लावला की एफची बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायची) सहज बसते, काढला की बसत नाही. म्हणजे दोष बोटांचा नाही, नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या तुकड्याच्या) खाचा उथळ आहेत, म्हणून तिथे तारा उंच राहतात. (वयावर खापर फोडायच्या आधी हे एकदा तपासा बघा.)

पण हलक्या तारांनी मान सरळ होऊन पहिल्या तीन-चार फ्रेटवर खरखर सुरू झाली. ट्रस रॉड (मानेतली सळई) पाव फेरा सैल केला, थोडी कमी झाली. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची सध्या ३ मिमी आहे, २.५ हवी.

विचारायचं ते हे: सॅडल (पोटावर तारा टेकतात तो तुकडा) तळाकडून घासायचं म्हणजे बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी उतरवायला एक मिमी काढावं लागतं. ते आत्ताच करावं, की बेळगावचा पावसाळा संपून लाकूड सुकेपर्यंत थांबावं? दमटपणात गिटारचं पोट फुगून तारांची उंची वाढते, म्हणून शंका. नटच्या खाचांसाठी बारीक कानस कुठे मिळेल, तेही सांगा.