मदत हवी आहे : आरसी (रिमोटवर उडणारं) विमान पडलं, दुसरं कुठलं घेऊ? (बेळगाव)

वडगावकर
नमस्कार मंडळी. रविवारी येळ्ळूरच्या पुढच्या माळावर माझं विमान पडलं. नाक चेपलंय, डावा पंख मुळातून निखळलाय. दुसरं घ्यायचं आहे, बजेट दहा हजारांपर्यंत. पुढच्या आठवड्यात भाचा सुट्टीला येतोय, त्याला विमान उडवून दाखवतो असा शब्द दिलाय. तेव्हा जरा लवकर सांगा. कुठलं घेऊ? थेट लिंक दिलीत तर बरं.

उद्यमबाग_लेथ
पहिलं कुठलं होतं ते सांगा की आधी. पंख वर होता का खाली? रिमोट कुठला, किती चॅनल (म्हणजे रिमोटवरून किती गोष्टी वेगवेगळ्या हलवता येतात)? हातानं सोडलात का चाकावर पळवलात? काय काय वाचलंय? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

वडगावकर
फोमचं होतं. रिमोट चांगला आहे, त्याला काही झालेलं नाही. पडलेल्याचं जाऊ द्या हो, नवीन कुठलं घ्यायचं ते सांगा.

निपाणीकर
दादा, विमानाच्या मागे कशाला लागता? ड्रोन घ्या. हात सोडला तरी जागच्या जागी उभा राहतो. आमच्या इकडे लग्नाच्या शूटिंगला सगळे तेच वापरतात, वरून खर्चही निघतो.

चिकोडीची_ताई
निपाणीकर, त्यांनी विमान विचारलंय.

वडगावकर, तुमची घाई कळते. पण विमान का पडलं ते न बघता दुसरं घेतलंत तर तेही त्याच माळावर पडेल, आणि तेव्हा भाचा समोर उभा असेल. एवढंच सांगा : सोडल्यावर किती सेकंदांत पडलं, आणि पडायच्या आधी नाक वर गेलं की खाली?

वडगावकर
ठीक आहे, सगळंच सांगतो. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँगसारखं, खालच्या पंखाचं. पंखांची लांबी ७५० मिमी, चार चॅनल. रिमोट फ्लायस्काय आय सिक्स. याआधी फक्त फोनवरच्या सिम्युलेटरवर उडवलं होतं, तिथं मला छान जमायचं. मित्रानं हातानं सोडलं. नाक लगेच वर गेलं, मी रिमोटची काडी पुढं ढकलली, तरी वरच चढत राहिलं. मग क्षणभर हवेत थांबल्यासारखं झालं आणि डावीकडं कलंडून सरळ खाली. पाच-सहा सेकंद असतील. वारा होता, संध्याकाळचे पाच वाजले होते. वाऱ्यानंच पाडलं असं मला वाटतं.

उद्यमबाग_लेथ
वाऱ्यानं नव्हे. शेपूट जड होती. बॅटरी कुठली घातलात?

वडगावकर
थ्री सेल, २२०० एमएएचची. खोक्यावर १३०० लिहिलं होतं. जास्त वेळ उडेल म्हणून मोठी घेतली. नाकातल्या कप्प्यात बसेना, म्हणून मागं सरकवून पंखाच्या खाली पट्ट्यानं बांधली.

उद्यमबाग_लेथ
मिळालं की कारण. माझ्या काट्यावर थ्री सेल २२०० भरते १८० ग्रॅमच्या आसपास, १३०० भरते ११०-१२०. म्हणजे साठेक ग्रॅम जास्तीचं, आणि नाकात असायचं ते वजन गेलं मागं. विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर पाहिजे. तुमचा त्याच्या बराच मागं गेलेला. मग काडी कितीही पुढं ढकला, नाक खाली येत नाही. वेग संपतो, पंख हवा सोडतो आणि एक बाजू आधी पडते. तुमची डावी पडली.

खानापूरची_साळ
वाराही होताच की. उन्हाळ्यात दुपारनंतर आमच्याकडे पश्चिमेकडून असा सुटतो की पाटीवरचं वाळवण उडतं. मी सकाळी साडेसहा ते आठ एवढ्यातच उडवते. कापणीनंतर शेतं रिकामी असतात आणि हवा पाण्यासारखी स्थिर. पाच वाजता ७५० मिमीचं विमान म्हणजे अवघडच.

उद्यमबाग_लेथ
सकाळचं बरोबर. खरं हे वाऱ्यानं पडलेलं नाही एवढंच माझं म्हणणं.

जायरो_पाहिजेच
म्हणूनच म्हणतो, दुसरं विमान जायरोवालं (तोल आपोआप सावरणाऱ्या यंत्राचं) घ्या. स्टॅबिलायझर असला की काडी सोडली तरी पंख सरळ होतात. नवीन माणसानं त्याच्याशिवाय उडवूच नये.

उद्यमबाग_लेथ
शेपूट जड असलेल्या विमानाला जायरो काय करणार? तो सर्व्होच (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) हलवतो, हवा नाही हलवत. वेगच संपल्यावर सर्व्हो हलून उपयोग काय?

जायरो_पाहिजेच
तोल नीट असेल तर शंभर टक्के उपयोग आहे. मी दोन वर्षं जायरोवर उडवतोय, एकदाही पडलं नाही.

चिकोडीची_ताई
दोघंही बरोबर आहात, खरं एक गोष्ट राहतेय. जायरो लावला की उडवण्याआधी दर वेळी विमान हातात धरून तिरपं करून बघायचं. पंख डावीकडं झुकवला की डावा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) खाली गेला पाहिजे. उलटा जोडला असेल तर विमान स्वतःच स्वतःला पाडतं. माझं तसंच गेलं. जमिनीवर तीस सेकंद बघितलं असतं तर वाचलं असतं.

जुना_बाल्सा
मी साठी ओलांडलेला माणूस. आमच्या वेळी एनसीसीच्या एअर विंगमध्ये कंट्रोल लाइनची विमानं उडवायचो. दोन तारा हातात, विमान आपल्याभोवती गोल फिरायचं. इंधनात मिथेनॉल आणि एरंडेल. उडवून घरी आलं की शर्टाला, हाताला, जेवणाच्या ताटालाही तो वास. बाल्साच्या, म्हणजे हलक्या लाकडाच्या, पट्ट्या ब्लेडनं कापायच्या, पंखावर टिश्यू चिकटवायचा, वर डोप म्हणजे एक प्रकारचं वार्निश. एक विमान दोन महिने चालायचं करायला. पडलं की रडू यायचं आणि पुन्हा करायला बसायचो. विमान समजायचं असेल तर बाल्सा.

खानापूरची_साळ
काका, वाचून छान वाटलं. पण भाचा पुढच्या आठवड्यात येतोय.

नियम_आधी
मुख्य मुद्दा सगळेच विसरलेत. सांबऱ्याला विमानतळ आहे, हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, शहरात कॅन्टोन्मेंट आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच हिरवा, म्हणजे परवानगी न लागणारा, झोन आहे, त्यापलीकडं हिरव्या भागात ४०० फूट. लाल झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीही उडवायचं नाही. सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटचा नकाशा उघडून आपला माळ कुठल्या रंगात येतो ते बघा.

निपाणीकर
ते ड्रोनचे नियम आहेत. हे खेळण्यातलं विमान.

नियम_आधी
नाही. त्या नियमांत विमानाच्या आकाराची यंत्रंही येतात. शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं २५ किलोपर्यंतचं यंत्र 'मॉडेल' म्हणून वेगळं धरलंय. त्याला टाइप सर्टिफिकेट (यंत्राच्या प्रकाराला मिळणारं मान्यतेचं प्रमाणपत्र) लागत नाही, एवढी सूट. झोन सगळ्यांना लागू.

वडगावकर
नकाशा बघितला, आमचा माळ हिरव्यात येतोय. बॅटरीचं पटलं. मग तसलंच मस्टँग पुन्हा घेऊन बॅटरी १३०० ची घातली तर? बाहेरच्या एका साइटवर स्वस्त दिसतंय.

चिकोडीची_ताई
नको. दोन कारणं. एक, खालच्या पंखाचं लहान विमान वेगात उतरवावं लागतं आणि वळताना जरा हळू झालं की एक पंख टाकतं. चुकल्यावर विचार करायला ते वेळच देत नाही. दोन, फेब्रुवारी २०२२ पासून बाहेरून तयार ड्रोन मागवायला बंदी आहे, सुटे भाग चालतात. माझ्या ओळखीच्या एकाचं तयार विमानाचं पार्सल त्याच नादात कस्टममध्ये अडकलं ते अडकलंच. पैसे गुंतवून बसू नका.

वरच्या पंखाचं घ्या. पंख मधून जरा वर उचललेले, इंग्रजी व्ही अक्षर खूप पसरून ठेवल्यासारखे. त्याला डायहेड्रल म्हणतात. कलंडलं तरी काडी सोडल्यावर स्वतःहून सरळ व्हायला बघतं. पंख १ ते १.२ मीटर, वजन ७०० ग्रॅमच्या आत. रडर (शेपटीची उभी हलणारी पट्टी), एलिव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी) आणि मोटर, तीन चॅनल पुरेत. मोटर मागं, पंखाच्या वर असलेलं मिळालं तर आणखी चांगलं, नाकावर पडलं तरी प्रोपेलर वाचतो.

खानापूरची_साळ
ताईंना दुजोरा. आणि पंख चिकटवलेला नको, रबरानं बांधलेला पाहिजे. तुमचा पंख मुळातून निखळला कारण तो पक्का चिकटवलेला होता. रबर असते तर पंख सुटून बाजूला पडला असता, दोन रबरं बदलून पुन्हा उडवलं असतं.

उद्यमबाग_लेथ
मोटरचा माउंट मी ॲल्युमिनियमचा टर्न करून देतो. पैसे नकोत. आयुष्यात तुटणार नाही.

खानापूरची_साळ
दादा, तुमचं मन मोठं, पण तोच तर त्रास होईल. माउंट तुटला नाही तर धक्का मोटरच्या शाफ्टला जातो, नाहीतर फोमला. दहा-वीस रुपयांचा प्लायचा माउंट तुटलेला परवडला.

उद्यमबाग_लेथ
हे मात्र बरोबर. प्लायच कापून देतो.

वडगावकर
तयार असं विमान दहा हजारांत देशात मिळतंय का? मला दोनच दिसली, त्यातलं एक संपलंय.

खानापूरची_साळ
तयार घेऊच नका, तुमच्याकडे निम्मं विमान आहेच. रिमोट, रिसीव्हर, बॅटरी वाचलीय ना? मोटर हातानं फिरवा, शाफ्ट डोळ्यासमोर धरून बघा, टोक डगमगतंय का. सर्व्होचा हात बोटानं हळू फिरवा. कट्-कट् लागलं, मधेच सटकला, तर दाते गेलेत, तो टाकून द्या. नवीन ९ ग्रॅमचा सर्व्हो शंभर-सव्वाशेला येतो. बॅटरी फुगली नाही ना ते बघा, प्रत्येक सेलचा व्होल्टेज वेगळा मोजा.

विमान डेप्रॉनचं (पातळ, हलक्या फोम शीटचं) करा. फ्लेक्स प्रिंटिंगच्या दुकानात गेलात तर तो सनबोर्ड पुढं करील, तो घेऊ नका, जड असतो. ५ मिमीचा डेप्रॉन मागवा. चिकटवायला ग्लू गन. फेव्हिक्विकसारखं काही थर्माकोल, डेप्रॉनला लावू नका, फोम विरघळून भोक पडतं. नवीन मोटर लागली तर २२१२ जातीची १००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाचे फेरे), ३० ॲम्पियरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग), १०×४.५ इंची प्रोपेलर. तुमची २२०० ची बॅटरी या विमानाला नेमकी बसते. जिच्यामुळं पडलं तीच इथं कामी येईल.

ऊसवाला
मधेच येतो, माफ करा. विमानात बझर बसवा हो. आमच्याकडं गोकाकच्या बाजूला विमान उसात गेलं की संपलं. मी फडात दोन तास शोधलं, पाचटानं हात कापले, दहा फुटांवरचं दिसत नाही. शेवटी मोटर बंद ठेवून रिमोटवरून रडर सारखा हलवत राहिलो आणि सर्व्होची टिकटिक ऐकत ऐकत पोचलो. आणि एक, शेतकऱ्याला विचारून आत जा. त्याचा वर्षाचा ऊस असतो तो.

वडगावकर
तपासलं सगळं. मोटरचा शाफ्ट वाकलाय. चारपैकी एका सर्व्होचे दाते गेलेत, तीन नीट आहेत. बॅटरी फुगलेली नाही, सेल ३.८५, ३.८४, ३.८५. बादलीत वाळू घालून गॅलरीत ठेवलीय.

मग मोडक्या मस्टँगमध्ये बॅटरी विमान पडलं तेव्हाच्या जागी ठेवली, पंख टेपनं जोडला आणि पंखाखाली दोन बोटांवर तोललं. शेपूट धाडकन खाली गेली. बॅटरी हातानं नाकापर्यंत नेल्यावर कुठं सरळ झालं. म्हणजे उडायच्या आधीच ते पडलेलं होतं. दोन बोटं मी त्या दिवशी माळावर लावली असती तर कळलं असतं. एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती आणि मीही विचारली नव्हती, याचं फार वाईट वाटतंय.

डेप्रॉनचं करायचं ठरवलंय. मोटर, ईएससी आणि शीट आज मागवले. भाचा आल्यावर दोघं मिळून कापू, त्याला तेही आवडेल. एकच विचारायचं राहिलं. विमान आपल्याकडं येत असताना डावं-उजवं उलटं होतं, तेव्हा काय करता? सिम्युलेटरवर तिथंच चुकायचो.

चिकोडीची_ताई
जो पंख खाली गेलाय त्या बाजूला काडी ढकला. पडलेल्या पंखाला काडीनं टेकू द्यायचा, एवढंच डोक्यात ठेवा. डावं-उजवं आठवायलाच जाऊ नका.

जुना_बाल्सा
शीट कापायच्या आधी आराखडा कार्डशीटवर काढून घे, बाळ. आणि पहिल्यांदा मोटर बंद ठेवून, गवतावर, छातीच्या उंचीवरून नुसतं हळू सोडून बघ. सरळ तरंगत गेलं तर तोल बरोबर.

उद्यमबाग_लेथ
प्लायचा माउंट गुरुवारपर्यंत तयार ठेवतो. तिसऱ्या रेल्वे गेटपाशी येऊन घेऊन जावा. पहिलं उड्डाण शनिवारी सकाळी साडेसहाला करू, सोडायला मी येतो. तुमच्या त्या मित्रालाही घेऊन या, सोडताना नाक किती वर धरायचं ते दाखवतो.