मदत हवी आहे: माळव्याची अफू, मुंबई आणि पहिलं अफूयुद्ध

नमस्कार मंडळी,

भाचीला शाळेत पहिल्या अफूयुद्धावर (१८३९-४२) दहा मिनिटं बोलायचंय. मी कधीकाळी बी.ए.ला इतिहास घेतला होता, म्हणून काम माझ्या गळ्यात. ढोबळ कथा जमली: इंग्रजांना चहा हवा, चिनी व्यापारी त्याचे पैसे चांदीत मागणार, मग चांदी वाचवायला हिंदुस्थानातली अफू चीनमधल्या कँटन बंदराला.

अडलंय ते इथे. बिहार-बनारसची अफू कंपनीच्या मक्त्यातली, कलकत्त्याला लिलाव, ठीक. पण माळव्यात तर शिंदे-होळकरांचं राज्य. तिथला माल मुंबईचे व्यापारी पाठवायचे, जमशेटजी जीजीभॉय त्यातलं बडं प्रस्थ. मग कंपनीच्या हाती काय लागत होतं?

दुसरं, भाचीने हूमेनच्या (चीनने जप्त केलेली अफू नष्ट केली ती जागा) चित्रात ज्वाळा काढल्यात. अफू जाळली की बुडवली? आणि तिचा प्रश्न: "मामा, अफू चोरून आणली यांनी, मग पैसे चीनने का भरले?" मी चहा घ्यायला उठलो.

प्रतिसाद १

ज्वाळा पुसायला सांगा. जाळलेली अफू वितळून जमिनीत मुरते आणि लोक माती उकरून ती परत काढतात. म्हणून लिन झेशूने (अफूबंदीसाठी चिनी सम्राटाने पाठवलेला अधिकारी) जून १८३९ मध्ये २०,००० हून जास्त पेट्यांचा माल पाण्याच्या खड्ड्यांत मीठ आणि चुना घालून कालवला आणि समुद्रात सोडला. त्याआधी समुद्रदेवतेची क्षमाही मागितली. चित्र काढायचं तर हे काढा!

पैशांचं म्हणाल तर, लिनकडे माल सोपवताना ब्रिटिश प्रतिनिधी चार्ल्स एलियटने व्यापाऱ्यांना सरकारतर्फे भरपाई कबूल केली होती. सरकारला खिशात हात घालायचा नव्हता. मग युद्ध जिंकल्यावर १८४२ च्या नानकिंग तहात चीनकडून २ कोटी १० लाख डॉलर उकळले, त्यातले ६० लाख बुडवलेल्या अफूचे. शिवाय हाँगकाँग. गंमत म्हणजे, अफूचा व्यापार कायदेशीर करा असं त्या तहात कुठेच नाही.

प्रतिसाद २

माळव्याबद्दल. कंपनीने आधी तिथला माल स्वतःच विकत घेऊन पाहिला, पण जमलं नाही. पाली-जैसलमेरकडून कराची आणि तिथून पोर्तुगीजांचं दमण, अशी चोरवाट होतीच. शेवटी १८३० च्या सुमारास नाद सोडला आणि परवाना काढला: पेटीमागे पैसे भरा, मुंबईतून खुशाल न्या. सरळ टोलनाका हो! १८४३ मध्ये सिंध घेतल्यावर कराचीची वाट बंद झाली, आणि मग परवान्याचा दर कसा चढत गेला ते बघा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. टोलनाका तिला लगेच कळला. ज्वाळा खोडून खड्डे काढणं चालू आहे, फक्त पांढऱ्या कागदावर चुना कसा दाखवायचा यावर घरात दोन तट पडलेत.