जुन्या पिकअपच्या तिसऱ्या सायलिंडरचे कॉम्प्रेशन उतरले आहे: फक्त हेड उतरवावे की पूर्ण इंजिन उघडावे?

नमस्कार,

माझ्याकडे कार्ब्युरेटरवर चालणारा, चार सायलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचा जुना पिकअप ट्रक आहे. काही आठवड्यांपासून तो आयडलिंगला मिसिंग करतो, चढावर ओढ कमी पडते आणि सायलेन्सरमधून ठरावीक लयीत ‘फुस् फुस्’ असा आवाज येतो. प्लग, वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप बदलूनही फरक पडला नाही, म्हणून इंजिन गरम करून, चारही प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सायलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजले. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सायलिंडरमध्ये १५०, १४५ आणि १५० पीएसआय मिळाले. तिसऱ्यात काटा ६० च्या पुढे सरकलाच नाही.

त्या सायलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑईल सोडून पुन्हा मोजले, तेव्हा जेमतेम ६५ झाले. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑईलने फट भरून आकडा बराच वर गेला असता, असे मी समजतो. रेडिएटरचे पाणी कमी होत नाही आणि शेजारचे दोन्ही सायलिंडर ठीक आहेत, त्यामुळे हेड गॅसकेटवरही (सायलिंडरवरच्या झाकणाखालचे, म्हणजे हेडखालचे पॅकिंग) माझा फारसा संशय नाही. टॅपेट कव्हर काढले, तर तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यामधल्या फटीत सर्वांत पातळ फिलर गेजही (फट मोजायची पट्टी) शिरेना. फट पुस्तिकेप्रमाणे लावून घेतली, पण कॉम्प्रेशन होते तेवढेच राहिले.

मेकॅनिकचा आग्रह असा, की इंजिन पूर्ण उघडून बोअरिंग करावे, म्हणजे सायलिंडर आतून कापून मोठे करावेत, आणि पिस्टन-रिंगा नव्या घालाव्यात, कारण फक्त वरचा भाग नवा केल्यास खालच्या जुन्या रिंगा ऑईल खाऊ लागतात. एका सायलिंडरसाठी एवढा खटाटोप मला पटत नाही. तरीही हेड उतरवण्यापूर्वी आणखी काय तपासावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर:

आपला तर्क योग्य वाटतो, फक्त हवेची चाचणी राहिली आहे. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा आत सोडा; इंजिन अचानक फिरू शकते, तेव्हा हात पंख्यापासून दूर ठेवा. हवा सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक, ऑईल भरण्याच्या तोंडातून जोराने आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅसकेट किंवा हेडची चीर.

सायलेन्सरमधून आल्यास फक्त हेड उतरवा. कडा जळलेला व्हॉल्व्ह लॅपिंगने, म्हणजे पेस्ट लावून घासून, सुधारत नाही. तो नवा घालून सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिच्यावर टेकून बंद होतो ती कडा, कापून घ्यावी लागते. फट मुळात का संपली, हेही पाहा. शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातल्या अनेक इंजिनांत सीट मऊ असते आणि शिसेविरहित पेट्रोलवर ती झिजत जाते. व्हॉल्व्ह आत बसत जातो, फट संपते, मग तो नीट मिटत नाही आणि जळतो. असे असेल तर कडक धातूची सीट बसवून घ्या, नाहीतर नवा व्हॉल्व्हही त्याच वाटेने जाईल. हेडची सपाटी आणि व्हॉल्व्ह गाइडमधली (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती नळी) ढिलाई त्याच वेळी तपासून घ्यावी.

मेकॅनिकची भीती अगदीच निराधार नाही, परंतु ती झिजलेल्या इंजिनाबाबत खरी ठरते. उरलेले तीन सायलिंडर १५० च्या आसपास असताना मी तरी रिंगांना हात लावणार नाही. हेड निघाल्यावर सायलिंडरच्या भिंतीवर नख ओढून पाहा. वरच्या कडेशी ठळक पायरी किंवा उभे ओरखडे लागले, तरच खाली उतरण्याचा विचार करा.