जँगो अ‍ॅडमिनला लॉगिन होत नाहीये, अर्जंट मदत हवी आहे

कोडखंडू: साइट जँगोवर (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आहे. तिच्या अ‍ॅडमिनसाठी (डेटा सांभाळायची आयती पानं) सुपरयूझर (सगळे अधिकार असलेलं खातं) बनवलाय, पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, तरी अ‍ॅडमिनमध्ये जाता येत नाही. उद्या डेमो आहे. शोधून झालंय सगळं, तेव्हा "गूगल करा" सांगणाऱ्यांनी कृपया पुढे जावं.

जुनं_खोड: "जाता येत नाही" म्हणजे नेमकं काय होतं? लाल अक्षरांत मेसेज येतो, ४०३ (प्रवेश नाकारल्याचा कोड) येतो, की पान फिरून परत तिथेच? तिन्हींची कारणं निराळी. आवृत्ती कुठली?

कोडखंडू: लॉगिन होत नाही, एवढंच. आवृत्ती नवीच आहे.

भराभर: डेटाबेस उडवा, मायग्रेशनच्या (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या) फायली उडवा, परत मायग्रेट करून सुपरयूझर नव्याने बनवा. माझं दर वेळी यानेच सुटतं.

टर्मिनलताई: दर वेळी? म्हणजे मूळ दुखणं कधी सापडलंच नाही! धागाकर्ते, असलं काही करू नका. शेल (जँगोची कमांड लिहायची खिडकी) उघडून त्या यूझरचं इज_स्टाफ आणि इज_अ‍ॅक्टिव्ह बघा, दोन्ही ट्रू हवेत. यूझर मॉडेल स्वतः लिहिलंय का? सेट_पासवर्ड न वापरता पासवर्ड थेट फील्डमध्ये भरला असेल तर तो हॅश होत नाही (सांकेतिक रूपात साठवला जात नाही), मग लॉगिन जन्मात होणार नाही.

भराभर: लोकलचा (स्वतःच्या मशीनवरचा) डेटा उडवला तर काय आभाळ कोसळतं?

टर्मिनलताई: लोकल आहे असं ते कुठे म्हणाले?

कोडखंडू: सर्व्हरवर आहे. लोकलला मस्त चालतंय. दोन्ही ट्रू आहेत, पासवर्डही हॅश झालेला दिसतोय.

रिकामा_लूप: म्हणून मी फ्लास्क (पायथनचंच दुसरं फ्रेमवर्क) वापरतो. आयता अ‍ॅडमिनच नाही, त्यामुळे त्याची कटकटही नाही.

जुनं_खोड: आणि क्लायंटने मागितला की तोच हाताने लिहीत बसायचं.

कडीकुलूप: अ‍ॅडमिनचा पत्ता आहे तसा ठेवू नका. युआरएलच्या फाइलमध्ये बदलून टाका, बॉट सारखे ठोठावत असतात.

कोडखंडू: अहो, मलाच आत जाता येत नाहीये!

भराभर: सीएसआरएफ_ट्रस्टेड_ओरिजिन्समध्ये (कुठल्या पत्त्यांवरून आलेले फॉर्म विश्वासाचे, ती यादी) पत्ता घाला. जँगो ४.० पासून तो एचटीटीपी किंवा एचटीटीपीएससकट लिहावा लागतो.

टर्मिनलताई: ते ४०३ आलं तर. इथे ४०३ कुणी पाहिलाय?

जुनं_खोड: पुन्हा विचारतो. पासवर्ड मुद्दाम चुकवला तर लाल मेसेज येतो का? आणि बरोबर टाकल्यावर?

कोडखंडू: चुकवला की येतो. बरोबर टाकला की मेसेज नाही, परत लॉगिनचंच पान.

जुनं_खोड: हे आधी सांगायचं ना! पासवर्ड पास होतोय, सेशन (लॉगिन झाल्याची कुकीतली ओळख) टिकत नाही. सेशन_कुकी_सिक्युअर (ही कुकी फक्त एचटीटीपीएसवर चालवायचं सेटिंग) ट्रू आहे का? आणि साइट एचटीटीपीएसवर आहे का?

कोडखंडू: ट्रू आहे, एका सुरक्षा चेकलिस्टमधून घेतलंय. साइट सध्या आयपी टाकून साध्या एचटीटीपीवर. पण लोकललाही हीच फाइल आहे, फक्त डीबग (चुका तपासायचं सेटिंग) बदलतो. तिथे लोकलहोस्टवर चालतं, म्हणजे सेटिंगचा प्रश्न नाही.

जुनं_खोड: सेटिंगचाच आहे. सिक्युअर कुकी साध्या एचटीटीपीवरून आली की ब्राउझर ती ठेवतच नाही. लॉगिन होतं, जँगो पुढच्या पानावर पाठवतो, तिथे कुकी नाही म्हणून परत दारात. लोकलहोस्टला क्रोम आणि फायरफॉक्स यातून सूट देतात, म्हणून तिकडे कळलं नाही.

टर्मिनलताई: +१. पण ते फॉल्स करून मोकळे होऊ नका. अ‍ॅडमिनचा पासवर्ड उघड्या एचटीटीपीवरून जातोय. डोमेन घ्या, एचटीटीपीएससाठी लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं.

भराभर: डेमो उद्या आहे हो. आज फॉल्स, परवा प्रमाणपत्र.

टर्मिनलताई: परवा कोण करतंय!

कोडखंडू: फॉल्स केलं, आत गेलो. धन्यवाद जुनं_खोड. आता अ‍ॅडमिन नुसता पांढरा दिसतोय, रंग नाहीत, मांडणी नाही. हे कशामुळे?

जुनं_खोड: डीबग फॉल्स असेल. कलेक्टस्टॅटिक (रंग-मांडणीच्या स्टॅटिक फायली एका जागी गोळा करणारी कमांड) चालवलंत का? स्टॅटिक फायली कोण देतंय, एनजिनएक्स (वेब सर्व्हर) की व्हाइटनॉइज (पायथनचं पॅकेज)?

कोडखंडू: नेहमीसारखंच आहे सगळं.