विषय: आर्ट्स थिएटरचे चार रविवार (आणि समोसे)

प्रेषक: कार्यक्रम सचिव
प्रति: आपल्या अमेरिकेतल्या मराठी मंडळाची यादी

नमस्कार मंडळी,

आपल्या गावच्या आर्ट्स थिएटरने पुढच्या वर्षासाठी चार रविवार देऊ केले आहेत, दुपारी दोन ते सहा. १६० खुर्च्या, पडदा बरा, कोपऱ्यात पियानो (हलवायचा नाही अशी अट). दोन सिनेमे आणि गाण्याचे दोन कार्यक्रम करावेत असं मनात आहे. पण कार्यकारिणीत दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं, हायस्कूलचं ऑडिटोरियमच घ्या, मोठं आहे आणि जेवणाची टेबलं मांडता येतात. आपले माजी खजिनदार सध्या पुण्यात आहेत आणि त्यांच्या व्हॉट्सॅपवरून तरी ते घरी फक्त झोपायला जातात असं दिसतंय. दादा, जरा सविस्तर लिहाल का?

प्रेषक: माजी खजिनदार, सध्या मु. पो. एरंडवणे

सचिव, मंडळी,

लिहितो. आधीच सांगतो, मी आर्ट्स थिएटरच्या बाजूचा आहे.

कारण सांगण्याआधी गेल्या नोव्हेंबरात सिनेमा अर्ध्यात बंद पडला ते प्रकरण कबूल करून टाकतो, कारण त्यात चूक माझी होती आणि वर्षभर सगळे प्रोजेक्टरला शिव्या घालत होते. सिनेमा हल्ली हार्ड डिस्कवर येतो आणि कुलूपबंद असतो. त्याची किल्ली वेगळी येते, ठरावीक तारखेची, ठरावीक तासांची. किल्ली मुंबईतून निघणार होती, फॉर्मवर भारतीय वेळ मागितली होती. आपला खेळ चार ते सात. मी साडेनऊ तास मिळवले आणि पहाटे साडेचारला मुदत संपवली. पण तो नोव्हेंबरचा पहिला रविवार. आदल्या रात्री तिकडची घड्याळं तासभर मागे गेलेली, फरक साडेदहाचा झालेला. म्हणजे किल्ली तिकडच्या सहालाच संपणार होती.

आता गंमत ऐका. प्रोजेक्टरवाल्या मुलाने मला नंतर सांगितलं की सिनेमा एकदा सुरू झाला होता, मध्ये थांबवला नसता तर तो शेवटपर्यंत चालला असता. आपण सव्वापाचला मध्यंतर केलं. सिनेमा बंद करून देणगीदारांच्या स्लाइडी लावल्या. बाहेर समोसे, चटणी कमी पडली म्हणून कुणीतरी घरी गेलं, आणि लोक परत खुर्चीवर टेकले तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. पडद्यावर काळोख. उरलेल्या अर्ध्या सिनेमाऐवजी आपण अंताक्षरी खेळलो.

तर, समोसे. काकू, राग मानू नका, समोसे उत्तम होते.

इथे परवा लॉ कॉलेज रस्त्यावर अर्काईव्हला सिनेमा बघायला गेलो होतो. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय म्हणजे १९६४ ची संस्था, पण पुण्यात कुणी एवढं लांबलचक नाव घेत नाही. माझ्या डाव्या हाताला फिल्म इन्स्टिट्यूटची दोन पोरं, उजवीकडे कानटोपीतले एक आजोबा. दिवे गेले ते एकदम शेवटच्या पाटीनंतर आले. मध्यंतर नाही, वेफर्सच्या पिशवीचा आवाज नाही. सगळी भूक बाहेर फाटकापाशी निघाली, चहा आणि भांडण. आजोबांना शेवट पटला नव्हता, पोरांना तेवढा शेवटच आवडला होता. पाऊण तास उभ्याने चाललं. मला वाटलं, हे आपल्याकडे कधीच होत नाही, कारण सिनेमा संपतो तेव्हा आपले लोक पोटभर खाऊन गाडीच्या किल्ल्या शोधत असतात.

गाण्याचंही तेच. हिराबागेत ज्योत्स्ना भोळे सभागृहात एका तरुण गायिकेचं गाणं ऐकलं. तिसऱ्या रांगेत होतो, षड्ज लावण्याआधी तिने घेतलेला श्वास ऐकू आला. शनिवार पेठेत सुदर्शनला नाटक बघतानाही तसंच होतं, नट कुजबुजला तरी मागच्याला कळतं. हायस्कूलच्या त्या गोदामात दीडशे माणसं विखरून बसली की गाणाऱ्याला समोर नुसत्या खुर्च्या दिसतात. आपले दरवेळचे श्रोते दीडशेच आहेत हो, हिशेब मीच ठेवत होतो.

दुपारी दोनची वेळ वाईट असं कुणी म्हणू नये. सवाई गंधर्व महोत्सव भीमसेनजींनी १९५३ मध्ये सुरू केला. पूर्वी रात्र रात्र चालायचा, लोक सतरंजी आणि थर्मास घेऊन जायचे, पहाटेचे राग पहाटे ऐकायचे. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम आला आणि सगळं दुपारवर सरकलं. एखाद्या दिवशी बारापर्यंत परवानगी मिळते तेवढीच. तोटा झालाच, रात्रीचा दरबारी ऐकायला कान आसुसतात. पण त्यामुळे भीमपलासी, पटदीप, मुलतानी हे दुपारचे राग भर मांडवात ऐकायला मिळतात. आपल्याला तर देणगीच आहे ही. कलाकाराला आधी कळवा की वेळ तीन ते साडेपाच आहे. गेल्या खेपेला ऐन दुपारी 'बागेश्री होऊन जाऊ द्या' अशी रात्रीच्या रागाची फर्माईश झाली होती, ती कुणाची ते मी इथे लिहीत नाही.

सिनेमाबद्दल दोनच गोष्टी. घरातली डीव्हीडी लावून तिकीट लावायचं नाही, निर्मात्याची किंवा ज्याच्याकडे हक्क आहेत त्याची लेखी परवानगी घ्यायची. आणि सुरुवात जुन्या प्रभातपटाने करा असं माझं मत. प्रभात कोल्हापुरात १९२९ ला निघाली, १९३३ ला पुण्यात आली, तिच्याच आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. 'संत तुकाराम' १९३६ चा, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. आपल्या पोरांना खाली इंग्रजी अक्षरं असलेली प्रत दाखवा. फक्त प्रोजेक्टरवाल्याला बजावा, जुन्या सिनेमाची चौकट जवळजवळ चौकोनी असते, दोन्ही बाजूंना काळं राहणारच. पडदा भरावा म्हणून तुकोबांना आडवं ताणू नका. कीर्तनाला आलेल्या वाण्यासारखे दिसतात.

प्रेषक: समोसेवाल्या काकू

अहो भाऊजी, वर्षभर मला वाटत होतं माझ्या तळणीच्या वासाने मशीन बिघडलं. आधी सांगायला काय झालं होतं?

तुमचं पटलं, पण अर्धंच. लहान मुलं घेऊन येणाऱ्या बायका दोन ते सहा नुसत्या पाण्यावर बसणार नाहीत. पुण्याला फाटकाबाहेर चहाची टपरी असते, इथे बाहेर पार्किंग लॉट असतो आणि जानेवारीत उणे दहा. चहा आतच हवा. लॉबीत, कार्यक्रम संपल्यावर, साडेपाचला. आणि भांडायला विषय तुम्ही पुरवा.

प्रेषक: कार्यक्रम सचिव

काकूंचा तोडगा कार्यकारिणीला कळवते. लॉबी सहापर्यंत आपली आहे, थिएटरला विचारलं तर साडेसहाही करतील. मध्यंतर नाही, देणगीदारांच्या स्लाइडी सुरुवातीला, तिसरी घंटा बरोबर तीनला. किल्लीचा फॉर्म यापुढे दोघांनी तपासायचा.

दादा, एक विचारायचं राहिलं. गेल्या वेळी तानपुरा अर्ध्या तासात उतरला, गायक चिडले. थिएटरात काही दोष आहे का?

प्रेषक: माजी खजिनदार, एरंडवणे

थिएटरचा दोष नाही. तानपुरा गाडीच्या डिकीतून थंडीत आला आणि दहा मिनिटांत गरम हॉलमध्ये लावायला घेतला. भोपळा आणि लाकूड हवेला सरावायला वेळ घेतात, तबल्याच्या पुडीचंही तेच. हॉलचं हीटिंग जसं कार्यक्रमात असेल तसं आधीच चालू करा आणि वाद्यं तासभर आधी रंगमंचावर नेऊन ठेवा. हिराबागेत वादक मंडळी तेच करत होती, पडदा उघडण्याआधी तासभर.

प्रेषक: समोसेवाल्या काकू

आणि भाऊजी, येताना तारांचे दोन संच आणा. खर्जाची पितळी जास्तीची एक. मागची तुटली तेव्हा मी कपाटात ठेवलेली शेवटची होती ती.