मार्नर गेला, आता मॅथ्यूजलाही ट्रेड करावं का?

निळी_पट्टी (आइस हॉकी चर्चामंच, ऑगस्ट २०२५)

एनएचएल या आइस हॉकी लीगमधल्या आपल्या टोरोंटो मेपल लीफ्सचा मिच मार्नर १०२ गुणांचा (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) हंगाम खेळून व्हेगासला गेला आणि टोरोंटोच्या पदरात पडला निकोलस रॉय. चांगला सेंटर (मधला आक्रमक) आहे, पण तिसऱ्या फळीचा. आता ऑस्टन मॅथ्यूजकडे बघा. करार २०२७-२८ पर्यंत, कॅप हिट (संघाच्या पगारमर्यादेत, म्हणजे कॅपमध्ये, धरला जाणारा वार्षिक आकडा) १३.२५ मिलियन डॉलर. २०२३-२४ मध्ये ६९ गोल, त्यानंतरच्या हंगामात दुखण्यामुळे ६७ सामने आणि ३३ गोल. प्लेऑफमध्ये फ्लोरिडाने सातव्या सामन्यात घरच्या बर्फावर ६-१ ने धुतलं, ते वेगळंच.

तीन वर्षांनी हाही करार संपून फुकट जाणार असेल तर आत्ताच ट्रेड करून दोन-तीन तरुण खेळाडू आणि ड्राफ्टचे पिक (नव्या पोरांमधून निवड करायचे हक्क) का घेऊ नयेत? "कर्णधार आहे, त्याला कसा सोडायचा" असली उत्तरं नकोत. नियम आणि हिशेब सांगा.

पगारपत्रक

पहिली गोष्ट म्हणजे हा निर्णय टोरोंटोच्या एकट्याच्या हातात नाही. मॅथ्यूजच्या करारात चारही वर्षं पूर्ण नो-मूव्ह कलम आहे. त्याच्या लेखी संमतीशिवाय त्याला ट्रेड करता येत नाही, वेव्हर्सवर (इतर संघांनी उचलावा म्हणून खुला) टाकता येत नाही, खालच्या लीगमध्येही पाठवता येत नाही. संमती दिलीच तर एक-दोन संघांपुरती देईल. आणि गिऱ्हाईक दोनच असले की भाव कोण ठरवणार हे सांगायला नको.

मार्नरच्या बाबतीत हेच नडलं. त्याचं नो-मूव्ह कलम १ जुलै २०२३ ला लागू झालं. त्याआधी त्याला कुठेही पाठवता आलं असतं. ती खिडकी उघडी होती नेमकी तेव्हाच जनरल मॅनेजर बदलला: कायल डूबस गेले, मे २०२३ च्या अखेरीस ब्रॅड ट्रेलिव्हिंग आले. नव्या माणसाच्या हातात जेमतेम महिना. मार्च २०२५ मध्ये कॅरोलायना आपला आक्रमक रँटानेन देऊन मार्नर मागत असल्याच्या बातम्या होत्या, पण मार्नर कलम सोडायला तयार झाला नाही. शेवटी ३० जूनला, करार संपायच्या आदल्या दिवशी, आठ वर्षं आणि वर्षाला १२ मिलियनचा करार करून त्याला व्हेगासला दिलं. तेव्हाच्या नियमाने आठवं वर्ष फक्त मूळ संघच देऊ शकत होता, म्हणून तरी रॉय मिळाला. नाहीतर तोही नाही. २०१८ मध्ये आयलंडर्सच्या हातून टॅव्हारेस गेला तेव्हा त्यांना काहीच मिळालं नव्हतं.

दुसरी गोष्ट, कॅपची टक्केवारी. लीगने जाहीर केलेली मर्यादा २०२५-२६ ला ९५.५ मिलियन, पुढच्या वर्षी १०४, त्यानंतर ११३.५. म्हणजे मॅथ्यूज यंदा कॅपचा सुमारे १३.९ टक्के भाग खातो, २०२७-२८ मध्ये ११.७ टक्के. करार दरवर्षी आपोआप स्वस्त होत चाललाय. असला करार लोक विकत घेतात, विकत नाहीत.

चौथी_फळी

टक्केवारी मान्य, निष्कर्ष नाही. मोठ्या ट्रेडमध्ये काय आलं एवढंच बघू नका, मोकळ्या झालेल्या कॅपचं काय केलं तेही बघा. बोस्टनने ३० नोव्हेंबर २००५ ला आपला तारा जो थॉर्नटन सॅन होजेला दिला. बदल्यात स्टर्म, स्टुअर्ट, प्रिमो. थॉर्नटनने त्याच हंगामात हार्ट (सर्वात मोलाचा खेळाडू) आणि आर्ट रॉस (सर्वाधिक गुण) हे दोन्ही पुरस्कार मिळवले, आणि बोस्टनचं हसं झालं. पण पुढच्या उन्हाळ्यात तीच मोकळी जागा वापरून त्यांनी झ्डेनो चारा आणि मार्क सव्हार्ड आणले. २०११ मध्ये स्टॅनली कप (लीगचं विजेतेपद) उचलला तेव्हा कर्णधार चाराच होता.

त्याही आधी १९९२ मध्ये क्वेबेकने लिंड्रॉस फिलाडेल्फियाला देऊन फोर्सबर्ग, रिची, हेक्स्टॉल, डुशेन, पिक आणि वर १५ मिलियन रोख घेतले. संघ कोलोरॅडोला गेल्यावर १९९६ मध्ये कप. म्हणजे तारा देऊन संघ उभा राहतो, घेणारा शहाणा हवा.

पगारपत्रक

लिंड्रॉसचं उदाहरण आज चालत नाही. तेव्हा कॅप नव्हती आणि ट्रेडमध्ये पैसे घेता येत. २००५ पासून रोख रकमेला बंदी आहे. आपल्याकडे हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईला निव्वळ पैशांवर गेला, तसं एनएचएलमध्ये होऊच शकत नाही. खेळाडू, पिक, ड्राफ्ट झालेल्या पोरांचे हक्क, आणि फार तर पगारातला वाटा (दिलेल्या खेळाडूचा काही पगार आपणच सोसणं), एवढंच चलन.

थॉर्नटनचा मुद्दा खरा आहे, पण चारा २००६ मध्ये बाजारात उपलब्ध होता. कॅप झपाट्याने वाढत असताना संघ आपले लोक सोडत नाहीत. २०२५ मध्ये फ्लोरिडाने बेनेट, एकब्लाड, मार्शंड तिघांनाही ठेवून घेतलं. त्या बाजारातला सर्वात मोठा मासा मार्नरच होता. तुमच्या हाती १३.२५ मिलियन मोकळे झाले तरी ते खर्चणार कुणावर? दुसऱ्या फळीच्या विंगरला (कडेच्या आक्रमकाला) आठ-नऊ मिलियन मोजून बसाल.

आणि बर्फाचा हिशेब साधा आहे. पहिला सेंटर सामन्यात वीस मिनिटं खेळतो. एका वेळी बर्फावर सेंटर एकच. त्याच्या जागी प्रत्येकी वीस गोल करणारे तीन खेळाडू आणले तर ते त्याची मिनिटं घेत नाहीत, तुमच्या तिसऱ्या-चौथ्या फळीतल्या माणसांची घेतात. पहिल्या फळीत भोक तसंच राहतं. बंदा रुपया मोडून खुर्दा घेतला की खिसा जड वाटतो, एवढंच.

जाळीमागून

एक गोष्ट दोघांनीही सोडली. "संघ पाडू आणि वरचा पिक घेऊ" (तळाच्या संघांना ड्राफ्टमध्ये आधी निवड मिळते) हा मार्ग टोरोंटोला जवळजवळ बंद आहे. २०२६ चा पहिल्या फेरीचा पिक ब्रँडन कार्लोसाठी बोस्टनला गेला, संरक्षण फक्त पहिल्या पाचांपुरतं, म्हणजे पिक पहिल्या पाचांत आला तरच आपल्याकडे राहतो. २०२७ चा स्कॉट लॉटनसाठी फिलाडेल्फियाला, संरक्षण पहिल्या दहांपर्यंत. म्हणजे मॅथ्यूज दिला, संघ घसरला आणि २०२६ चा पिक सहावा आला, तर तो उचलणार बोस्टन. हाडवैरी बोस्टन! यापेक्षा वाईट व्यवहार सुचवायला डोकं लागेल.

शिवाय ट्रेलिव्हिंग यांनी हा पेपर आधी दिलेला आहे. २०२२ च्या जुलैत ते कॅल्गरीचे जनरल मॅनेजर होते. गॉद्रो फुकटात कोलंबसला गेला आणि काही दिवसांत टकाचुकने दीर्घ करार करणार नाही असं कळवलं. त्यांनी त्याला फ्लोरिडाला देऊन हुबर्डो, वीगर, श्विंट आणि एक पहिल्या फेरीचा पिक घेतला. त्या दिवशी सगळ्यांनी वाहवा केली. हुबर्डो ११५ गुण करून आला होता. पहिल्याच हंगामात ५५ वर आला, आणि तोवर त्याला वर्षाला १०.५ मिलियनचे आठ हंगाम देऊन झाले होते. टकाचुकने २०२४ आणि २०२५ चे कप जिंकले. चूक ट्रेडची नव्हती, एकोणतीस वर्षांच्या माणसाला लगेच आठ वर्षं बांधण्याची होती.

निळी_पट्टी

ठीक आहे, आत्ता नको. मग केव्हा? आणि वेळ आलीच तर नेमकं काय मागायचं?

पगारपत्रक

मॅथ्यूजशी नवा करार १ जुलै २०२७ पासून करता येतो, त्याआधी नाही. तोवर १६ सप्टेंबर २०२६ पासूनचा नवा सामूहिक करार (लीग आणि खेळाडू संघटनेतला) लागू असेल: मूळ संघाला जास्तीत जास्त सात वर्षं, दुसऱ्याला सहा. तेव्हा तो तिशीला टेकलेला, आणि नवा करार एकतिसाव्या वर्षी सुरू होणार. सात वर्षं दिली तर सदतिशीपर्यंत. त्याची मुख्य ताकद म्हणजे पक (खेळातली चकती) ओढून क्षणात सोडलेला फटका. मनगट किंवा पाठ कुरकुरली की आधी तीच जाते. हे लक्षात घेऊन आकडा ठरवायचा.

म्हणून २०२६ च्या जूनमध्ये एजंटला सरळ विचारायचं: सही करणार का, साधारण किती वर्षं. उत्तर "नाही" असेल तर त्याच वेळी त्याच्याकडून संघांची यादी घ्यायची आणि १ जुलैनंतर व्यवहार करायचा. १ जुलैच का, तर त्याच्या पगाराचा मोठा भाग साइनिंग बोनस असतो आणि तो त्या दिवशी टोरोंटो देऊन मोकळं होतं. घेणाऱ्याला त्या वर्षी रोख थोडीच मोजावी लागते, पण पूर्ण हंगाम दोन मिळतात. हंगामाच्या मध्यावर गेलात तर दीडच.

उत्तर "बघू" असेल तर ते "नाही"च धरायचं. कोलोरॅडोने जानेवारी २०२५ मध्ये रँटानेनबाबत तसंच केलं, नेचास आणि ड्ररी घेतले. कॅरोलायनाकडे तो १३ सामने राहिला, सही करेना. त्यांनी सहा आठवड्यांत डॅलसकडून स्टँकोवन, पहिल्या फेरीचे दोन आणि तिसऱ्या फेरीचे दोन पिक वसूल केले. हा खरा चपळपणा. (कोलोरॅडोला मात्र पहिल्याच फेरीत सातव्या सामन्यात डॅलसच्या रँटानेनने तिसऱ्या सत्रात तीन गोल ठोकून घरी पाठवलं. घेणारा त्याला पुढे आपल्याच विभागातल्या संघाकडे पाठवू शकतो हे विसरू नका.)

जाळीमागून

मागणीचा क्रम माझ्या मते असा:

आधी बावीस-तेविशीच्या आतला सेंटर, ज्याच्यावर संघाचा हक्क अजून तीन-चार वर्षं आहे. सत्ताविशी जवळ आलेला नको, तो दोन वर्षांत मोकळा होतो आणि आपण पुन्हा इथेच प्रश्न टाकतो. मग २०२७ आणि २०२८ चे पहिल्या फेरीचे पिक, शक्यतो संरक्षणाशिवाय. २०२७ चा हवाच, कारण स्वतःचा गेलाय. पिकला अट असेल तर "अमुक झालं तर पुढच्या वर्षी सरकेल" हे वाक्य वकिलाकडून दोनदा वाचून घ्या. एकाच पिकवर दोन ट्रेडच्या अटी बसल्या की गुंता होतो.

पगारातला वाटा उचलणं सर्वात शेवटी. नियमाने ५० टक्क्यांपर्यंत चालतं, म्हणजे ६.६२५ मिलियन, पण ते करार संपेपर्यंत दरवर्षी आपल्या कॅपवर बसतात. दोन हंगाम उरले असताना त्यासाठी समोरच्याकडून आणखी एक पहिल्या फेरीचा पिक मिळत नसेल तर एक डॉलरही ठेवू नये.